रूट कॅनालनंतर पुन्हा जंतुसंसर्ग : जंतू कुठून शिरतात आणि ती वाट कशी बंद करायची

दंतमूळ

रूट कॅनाल (दाताच्या मुळातली पोकळी, म्हणजे कॅनाल, साफ करून भरणं) झालेली दाढ दोन-चार वर्षांनी पुन्हा ठणकते, हिरडीवर पुटकुळी येते, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसते. अशा वेळी सरसकट 'इन्फेक्शन परत आलं' म्हटलं जातं. पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, जंतू मुळातून कधी गेलेच नव्हते. दुसरी, ते काढले होते किंवा पुरेसे कमी केले होते, पण नंतर लाळेबरोबर नव्याने आत गेले. पहिलीचा दोष सफाईत असतो, दुसरीचा झाकणात. हा धागा मुख्यतः दुसरीसाठी काढतोय, कारण सगळं लक्ष फाइल (कॅनाल खरवडायचं हत्यार) कोणती आणि सीलर (भराव भिंतीला चिकटवणारी पेस्ट) कोणता यावर जातं आणि दाताच्या वरच्या तोंडाकडे दुर्लक्ष होतं. पण पहिलीला वगळून दुसरी समजत नाही, म्हणून दोन्हींवर लिहा.

जंतू हेच मूळ कारण, हे १९६५ साली काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांवर दाखवलं. दाढा कोरून आतली नस (दाताचा जिवंत गाभा) उघडी टाकली. साध्या उंदरांत नस कुजली आणि टोकाशी गळू झालं. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांत, अन्नाचे कण अडकूनही, नस जगली आणि उघड्या जागी नवं डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) तयार होऊ लागलं. जखम तीच, खाणं तेच, फरक जंतूंचा.

माझ्या मते बचाव ऍक्सेस (नसेपर्यंत जाण्याचं भोक) उघडण्याच्या आधीच सुरू होतो. क्रम असा:

जुनं फिलिंग आणि कीड पूर्ण काढायची, अर्धवट ठेवायची नाही. जुन्या फिलिंगच्या कडेखाली कीड किंवा तडा असेल तर तो फिलिंग काढल्यावरच दिसतो. तुटलेली भिंत ग्लास आयोनोमर किंवा कंपोझिट या भरावांनी बांधून घ्यायची. भिंत नसेल तर रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारी रबरी चादर) बसत नाही, औषधाला आत टाकी मिळत नाही आणि दोन सिटिंगांच्या मधलं टेम्पररी (तात्पुरतं फिलिंग) एका बाजूने गळतं. मग डॅम. क्लॅम्पभोवती (डॅम धरून ठेवणारा चिमटा) लाळ झिरपत असेल तर तिथे लाइट-क्युअर डॅम (प्रकाशाने घट्ट होणारी जेल) लावायचा. मग दात, क्लॅम्प आणि डॅमचा आसपासचा भाग हायपोने (सोडियम हायपोक्लोराइट) पुसायचा. किडीसाठी वापरलेला बर (कोरायचं फिरतं टोक) बदलून निर्जंतुक बर घ्यायचा आणि मगच नसेच्या पोकळीत शिरायचं. कीड कापलेल्या बरने पोकळी उघडली तर किडीतले जंतू आपणच आत नेऊन ठेवतो.

जिवंत नसेच्या केसमध्ये हे जास्तच महत्त्वाचं. तिथे दाताच्या मुळात खोलवर जंतू नसतातच. पुढे झाले, तर ते आपल्या हातून किंवा गळक्या झाकणातून आलेले असतात.

---

सूक्ष्मदर्शी

छान धागा. जंतू आत कसे टिकतात त्याबद्दल थोडं.

कॅनाल म्हणजे गुळगुळीत नळी नव्हे. मुळाच्या भिंतीत डेंटिनच्या सूक्ष्म नलिका आहेत. नसेजवळ त्यांची रुंदी दोन-अडीच मायक्रॉन असते आणि बरेच जंतू अर्धा ते एक मायक्रॉनचे, म्हणजे आत जायला त्यांना ऐसपैस जागा. त्याखेरीज दोन कॅनालना जोडणाऱ्या सपाट फटी, बाजूच्या शाखा, टोकाशी फुटलेला त्रिभुज प्रदेश. फाइल गोल फिरते, कॅनाल गोल नसतो, त्यामुळे भिंतीचा बराच भाग फाइलच्या स्पर्शाविना राहतो. २००५ मध्ये नायर आणि सहकाऱ्यांनी खालच्या दाढांवर एका बैठकीत पूर्ण उपचार करून लगेच मुळाचं टोक कापून तपासलं. १६ पैकी १४ दातांत जंतू शिल्लक होते, बहुतेक अशाच फटींमध्ये आणि शाखांमध्ये, आणि तेही चिकट थराच्या रूपात.

हा थर, म्हणजे बायोफिल्म, औषधाला दाद देत नाही. सुटे तरंगणारे जंतू ज्या मात्रेत मरतात त्या मात्रेत थरातले मरत नाहीत. म्हणून थर आधी हलवावा लागतो, मग विरघळवावा लागतो.

एन्टरोकॉकस फिकॅलिस या जंतूचं नाव रीट्रीटमेंटच्या, म्हणजे रूट कॅनाल पुन्हा करण्याच्या, केसेसमध्ये वारंवार येतं. सिटिंगांच्या मधे आत ठेवायच्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो, पण डेंटिन तो शोषून बोथट करतं आणि नलिकांत खोलवर तेवढा अल्कधर्मीपणा पोहोचत नाही. या जंतूकडे पेशीचा आतला पीएच खाली ठेवणारा प्रोटॉन पंप आहे, म्हणून साडेअकरापर्यंत तो तग धरतो. पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. भरलेल्या कॅनालमध्ये बऱ्याचदा तो एकटा नसतो, आणि काही वेळा नसतोच.

---

हायपोवाला

धुण्याबद्दल मी लिहितो, कारण सर्वात जास्त घोळ इथेच.

हायपोक्लोराइट हे एकच द्रावण जंतू मारतं आणि मेलेली नसही विरघळवतं. ०.५ ते ५.२५ टक्क्यांपर्यंत सगळं वापरतात. आपल्याकडे ३ टक्क्यांची बाटली सहज मिळते आणि ती पुरते. कमी ताकदीचं असेल तर जास्त प्रमाणात आणि वारंवार ताजं घालावं लागतं, कारण नसेचे अवशेष आणि डेंटिनचा भुगा त्यातला क्लोरीन पटकन खाऊन टाकतात. कॅनालमध्ये पाच मिनिटं बसलेलं हायपो म्हणजे बहुतेक खारं पाणीच.

सुई ३० गेज, बाजूला छिद्र असलेली, टोक बंद. तिची जाडी ०.३ मिमीच्या आसपास. आता हिशेब करा. टोकाला २० नंबर (म्हणजे ०.२० मिमी रुंदी) आणि ४ टक्के टेपर (दर मिमीला ०.०४ मिमी रुंद होणं) ठेवलात तर टोकापासून २ मिमीवर कॅनालची रुंदी होते ०.२० + ०.०८ = ०.२८ मिमी. सुई तिथे जाणारच नाही, वरच अडकेल. ३० नंबर आणि ४ टक्के टेपर असेल तर तिथे ०.३८ मिमी मिळतात, सुई सैल राहते आणि द्रावण परत वर यायला वाट राहते. सुईपुढे द्रावण फार तर एखाद-दोन मिमी सरकतं, पलीकडे हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. म्हणून टोक पुरेसं रुंद केलं नसेल तर मुळाचं शेवटचं टोक कोरडंच राहतं, वरून कितीही लिटर ओता.

वर्किंग लेंग्थपेक्षा (मुळाच्या टोकापर्यंतची ठरवलेली लांबी) २ मिमी आधी रबरी स्टॉपर लावा. सुई अडकवून कधीही दाबू नका. अंगठ्याने नाही, तर्जनीने पिस्टन ढकला आणि सुई सतत वर-खाली हलती ठेवा. अडकलेल्या सुईतून दाबाने हायपो मुळाबाहेर गेलं तर क्षणात भयंकर कळ, सूज आणि रक्तस्राव होतो. सिरिंज फिरवून लॉक होणारी घ्या, नुसती खुपसलेली सुई दाब आला की निसटते.

प्रत्येक फाइलनंतर निदान २ मिली. शेवटी १७ टक्के ईडीटीए १ मिनिट, म्हणजे फाइलने भिंतीवर लिंपलेला भुग्याचा थर निघतो आणि नलिकांची तोंडं उघडतात. मग पुन्हा हायपो. ईडीटीए आणि हायपो एकत्र साचू देऊ नका, ईडीटीए मोकळा क्लोरीन संपवतं. ईडीटीए एका मिनिटाच्या पुढे फार लांबवून वर जोरकस हायपो मारलं तर डेंटिन झिजतं, तेव्हा घड्याळ लावा.

आणि द्रावण हलवा. अल्ट्रासोनिकची न कापणारी टिप २० सेकंदांच्या तीन फेऱ्या, दर फेरीला ताजं हायपो. टिप भिंतीला टेकली तर कंपन मरतं. अल्ट्रासोनिक नसेल तर नीट बसणारा गटापर्चाचा (कॅनाल भरायचा रबरासारखा पदार्थ) कोन वर्किंग लेंग्थच्या १ मिमी आधी ठेवून हाताने २-३ मिमी वर-खाली करा, मिनिटाला शंभरेक वेळा. पैसा लागत नाही आणि तो बुडबुडा फुटतो.

---

खेड्यातला_दंतवैद्य

दोन शंका. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज जाते आणि खोली तापते, हायपोची ताकद टिकते का? आणि शेवटी २ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने धुवावं असं बरेच जण सांगतात. हायपोनंतर लगेच घातलं की तपकिरी गाळ येतो. तो चालतो का?

---

हायपोवाला

@खेड्यातला_दंतवैद्य, गाळ अजिबात चालत नाही. तो नलिकांची तोंडं बुजवतो, सीलर भिंतीला धरत नाही आणि दात रंगतो. क्लोरहेक्सिडीन वापरायचंच असेल तर मध्ये भरपूर सलाइनने धुवून पेपर पॉइंटने (कागदाची बारीक टोकदार काडी) कोरडं करा. ईडीटीएबरोबरही त्याचा पांढरा गाळ होतो, तिथेही तेच. ते मेलेली नस विरघळवत नाही, म्हणून हायपोऐवजी नको. नेहमीच्या केसमध्ये मी त्याची गरज मानत नाही. रीट्रीटमेंटला वापरणाऱ्यांशी वाद घालणार नाही.

उष्णता आणि उजेड दोन्हींनी हायपो उतरतं. गडद, घट्ट झाकणाची बाटली, थंड जागा. मोठा कॅन उघडून महिनोन्‌महिने पुरवण्यापेक्षा लहान बाटल्या घ्या आणि उघडल्याची तारीख मार्करने लिहा. वाटीत ओतलेलं दिवसाअखेर फेकायचं, पुन्हा बाटलीत नाही. पातळ करायचं तर त्याच दिवशी, डिस्टिल्ड पाण्याने.

---

स्वच्छहस्त

जंतू आपल्याच ट्रेमधूनही येतात, त्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

गटापर्चाचे कोन ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) होत नाहीत, वितळतात. डबीतून काढलेला कोन हातमोज्याने धरला की संपलं. भरण्याआधी ५.२५ टक्के हायपोत १ मिनिट बुडवा, मग निर्जंतुक सलाइनमधून काढून कोरडा करा. तसाच सुकला तर मिठाचे खडे त्यावर चिकटून राहतात. ३ टक्के असेल तर वेळ वाढवा. पेपर पॉइंट पाकीटबंद निर्जंतुक घ्या. उघडी डबी दहा पेशंटना पुरवू नका.

फाइल आधी घासून आणि अल्ट्रासोनिकमध्ये धुतल्याशिवाय ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका. खाचांत वाळलेल्या भुग्याला वाफ भेदत नाही. १२१ अंशांना १५ मिनिटं किंवा १३४ अंशांना निदान ३ मिनिटं, आणि ही वेळ तापमान गाठल्यानंतर मोजायची. ओलं पाऊच बाहेर काढलं की ओल्या कागदातून जंतू आत जातात, सुकवण्याची फेरी पूर्ण होऊ द्या.

भरण्याच्या टप्प्यावर हातमोजे बदला. एक्स-रेसाठी हात बाहेर गेले, मोबाइल उचलला, आणि त्याच हातांनी कोन धरला, हे रोज दिसतं. आणि ऍक्सेस उघडल्यावर खुर्चीच्या नळीतल्या पाण्याची फवारणी आत नको. त्या नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा थर असतोच.

---

दंतमूळ

@स्वच्छहस्त, हातमोज्यांचा मुद्दा फार मोलाचा.

आता सिटिंगांच्या मधल्या काळाबद्दल. जिवंत नस असेल आणि वेळ पुरेसा असेल तर एकाच बैठकीत संपवावं. आत जंतू नाहीत, मग दार पुन्हा उघडायचं कशाला? कुजलेली नस आणि टोकाशी सावली असेल तर मी दोन बैठका घेतो. एक-दोन बैठकांच्या तुलनेत बरं होण्यात मोठा फरक दिसलेला नाही हे मान्य, पण पस येत असेल किंवा कॅनाल कोरडा होत नसेल तर त्याच दिवशी भरू नये यावर दुमत नसावं.

मधल्या काळात कॅल्शियम हायड्रॉक्साइड निदान ७ दिवस. दहा मिनिटं लावून उपयोग नाही. लेंट्युलोने (पेस्ट आत ढकलणारी फिरती स्प्रिंग) टोकापर्यंत दाट भरायचं, वर दिसतंय म्हणून खाली पोहोचलं असं नाही, एक्स-रेत पहा. काढताना नुसतं ईडीटीए पुरत नाही, अल्ट्रासोनिक किंवा हँड फाइलने हलवत धुवा. उरलेली पेस्ट सीलर आणि भिंतीच्या मध्ये बसते आणि पुढे तिथेच गळती होते.

टेम्पररी फिलिंग! कॅव्हिटसारखं (ओलाव्याने घट्ट होणारा तयार भराव) असेल तर जाडी निदान साडेतीन मिमी. ओरिफिसवर (कॅनालचं तोंड) कापसाचा मोठा बोळा आणि वर दीड मिमीचा थर, हे झाकण नव्हे. कापसाचा एक धागा जरी कडेला सापडला तरी तो दिव्याच्या वातीसारखी लाळ आत खेचतो. कापसाऐवजी निर्जंतुक टेफ्लॉन टेपचा पातळ थर ठेवा. आठवड्यापेक्षा जास्त ठेवायचं असेल, किंवा चावताना दाब येत असेल, तर खाली कॅव्हिट आणि वर ग्लास आयोनोमर. चावताना आधी टेकणारी टोकं थोडी घासा.

---

फार्मा_नेमाणे

औषधांच्या बाजूने एक प्रश्न. ऍमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिक गोळ्या पाच दिवस, ही चिठ्ठी रूट कॅनालच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटकडे असते. यातून पुन्हा होणारा संसर्ग टळतो का?

---

सूक्ष्मदर्शी

नाही टळत. मेलेल्या नसेत रक्तप्रवाहच नाही, मग गोळी आत पोहोचणार कशी? आतले जंतू फाइल आणि हायपोनेच कमी होतात. ताप, पसरणारी सूज, तोंड उघडायला त्रास, जबड्याखाली सुजलेल्या गाठी, किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण, अशा वेळी गोळ्या हव्यात, आणि त्याही पस काढून दिल्यानंतर. नुसत्या ठणक्याला किंवा हिरडीवरच्या वाहत्या पुटकुळीला नकोत. गोळीने आठवडाभर बरं वाटतं, रुग्ण पुढची तारीख चुकवतो आणि टेम्पररी महिनाभर तोंडात झिजत राहतं. म्हणजे ती चिठ्ठीच पुन्हा संसर्गाला हातभार लावते. तुम्ही काउंटरवरून 'पुढची सिटिंग कधी आहे?' एवढं विचारलंत तरी खूप काम होईल.

---

कॅपकारागीर

कॅप आणि पोस्टचं (मुळात बसवायचा खुंट) काम करणारा म्हणून वरच्या झाकणाबद्दल.

१९९५ मध्ये रे आणि ट्रोप यांनी रूट कॅनाल झालेल्या १,०१० दातांचे एक्स-रे पाहिले. कॅनाल चांगला आणि वरचं काम चांगलं, अशा ९१.४ टक्के दातांच्या टोकाशी दोष नव्हता. दोन्ही वाईट तिथे १८.१ टक्के. कॅनाल चांगला पण वरचं काम वाईट, तर ४४.१. उलटं असेल तर ६७.६. आमच्या शाखेतले लोक ही आकडेवारी मोठ्या आनंदाने सांगतात, पण ती अपुरी आहे. हे एका वेळचे एक्स-रे होते, आणि २००० मध्ये ट्रोन्स्टाड यांच्या नॉर्वेतल्या पाहणीत कॅनालच्या कामाचं पारडं जड निघालं. दोन्ही लागतं, एकाच्या जिवावर दुसरं सोडता येत नाही.

करायचं काय: गटापर्चा ओरिफिसच्या २ मिमी खाली गरम टिपने कापा. ती जागा ग्लास आयोनोमर किंवा फ्लोएबल कंपोझिटने भरा आणि दाढेत तोच थर तळावर पसरवा, कारण तळाशीही बाजूच्या शाखा असतात. युजेनॉलचा सीलर असेल तर कंपोझिट नीट घट्ट होत नाही. अल्कोहोलच्या बोळ्याने भिंती पुसा किंवा तिथे ग्लास आयोनोमर वापरा. हे सगळं डॅम काढण्याआधी, त्याच बैठकीत. 'पुढच्या वेळी पक्कं करू' या वाक्यात बऱ्याच दाढा गेल्यात.

पोस्ट घालायचा असेल तर टोकाशी ४ ते ५ मिमी गटापर्चा शिल्लक हवा. पोस्टची जागा करताना डॅम काढून टाकतात, ही मला सर्वात जास्त सलणारी चूक आहे. इतक्या कष्टाने स्वच्छ केलेल्या मुळात लाळ ओतायची आणि वर पोस्ट सिमेंट करायचा! डॅम तसाच ठेवा, जागा हायपोने धुवा, त्याच दिवशी पोस्ट चिकटवा. कास्ट पोस्टला लॅबमध्ये आठवडा जातो आणि तेवढ्या काळात पोस्टच्या पोकळ जागेतलं टेम्पररी फार लवकर गळतं, म्हणून जमेल तिथे फायबर पोस्ट.

दाढांना कॅप दोन ते चार आठवड्यांत. ऍक्विलिनो आणि कॅप्लन यांच्या २००२ च्या अभ्यासात कॅप न घातलेले दात सहापट वेगाने गमावले गेले. कॅपची कड कोअरवर (कॅपखाली बांधलेला भराव) नव्हे, निरोगी दातावर, आणि खाली दीड-दोन मिमी उंचीची दाताची पूर्ण कडा पकडलेली हवी. नाहीतर चावताना कॅप सूक्ष्म डुलते, सिमेंट धुपतं आणि कुणाला कळायच्या आत लाळ कोअरखाली पोहोचते.

---

खेड्यातला_दंतवैद्य

+१. एक व्यवहारातला प्रश्न. पेशंट टेम्पररी पडल्यावर उशिरा येतो. गटापर्चा उघडा पडलेला. किती काळानंतर पुन्हा करायचं?

---

दंतमूळ

टोराबिनेजाद यांच्या १९९० च्या प्रयोगात, काढलेल्या दातांत, भरलेल्या कॅनालमधून जंतू निम्म्याहून अधिक दातांत १९ ते ४२ दिवसांत आरपार गेले. दुसऱ्या बाजूला, रिकुची आणि बर्गेनहोल्ट्झ यांनी २००३ मध्ये तोंडात दीर्घकाळ उघडे राहिलेले, पण नीट साफ करून भरलेले दात तपासले, तर टोकाशी दाह फार कमी आढळला. म्हणजे प्रयोगशाळेतली भीती तोंडात तेवढी खरी ठरत नाही.

व्यवहारात तीन महिन्यांची रेघ धरतात. त्याहून जास्त उघडा असेल, किंवा गटापर्चाशेजारी कीड मऊ लागते, सीलर विरघळून फट दिसते, तर वरचं पक्कं काम करण्याआधी कॅनाल पुन्हा करा. दोन-तीन आठवडेच झाले असतील आणि भराव घट्ट असेल तर डॅम लावून वरचे काही मिमी काढा, हायपोने धुवा, ओरिफिस सील करा आणि लक्ष ठेवा. महागडी कॅप चढवण्याआधी शंका असेल तर मी पुन्हा करण्याकडे झुकतो.

---

सूक्ष्मदर्शी

हे सगळं नीट असूनही टोकाशी सावली कायम राहिली, तर आधी सुटलेला कॅनाल शोधा. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या गालाकडच्या मुळात दुसरा कॅनाल बहुसंख्य दातांत असतो. ओरिफिस पहिल्याच्या टाळूकडच्या बाजूला, बहुतेकदा डेंटिनच्या ओठाखाली लपलेलं. अल्ट्रासोनिक टिपने तो ओठ उतरवावा लागतो, गोल बरने चाचपडलं तर तळाला भोक पडतं. खालच्या पहिल्या दाढेत मागच्या बाजूला जिभेकडे वेगळं मूळ असू शकतं, खालच्या दुसऱ्या दाढेत इंग्रजी सी-च्या आकाराचा कॅनाल. सरळ एक्स-रेत ही मुळं एकमेकांवर येतात. २० अंश आडवा कोन बदलून दुसरा एक्स-रे घ्या. भराव मुळाच्या मधोमध न दिसता एका बाजूला दिसला तर शेजारी दुसरा कॅनाल आहे असंच समजा. सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे) इथे खरंच उपयोगी.

आणि प्रोब (हिरडीची खोली मोजायची सळई) सगळीकडे २-३ मिमी जाऊन एकाच अरुंद जागी ८-९ मिमी खाली उतरला, तर मूळ उभं चिरलंय असा संशय घ्या. त्या चिरेतून जंतू येत राहतात, तिथे पुन्हा कॅनाल करून काही साधत नाही.

---

कॅपकारागीर

फॉलोअपचं कार्ड कॅपच्या बिलालाच टाचून देत जा: ६ महिने, १ वर्ष, आणि वर्षाअखेर सावली लहान होऊनही पुसली गेली नसेल तर ४ वर्षांपर्यंत दरवर्षी एक्स-रे. पहिला एक्स-रे भरण्याच्या दिवशीचा, आणि पुढचे त्याच कोनातून. होल्डर वापरला नाही तर कोन बदलून सावली आपोआप मोठी-छोटी दिसते. प्रत्येक वेळी कॅपच्या कडेवरून टोकदार एक्सप्लोरर फिरवा. एखाद्या ठिकाणी तो आत अडकला तर टोकाशी सावली यायच्या आधीच ती कड दुरुस्त करता येते.